बाबांच्या कपाटात लाल औषध आणि शेतातल्या खोलीत बेण्याच्या औषधाचा डबा सापडलाय, काय करू?

मृण्मयी
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातलं आमचं जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलंय, म्हणून गेले आठ दिवस मी आणि आई सामान आवरतोय. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. ते तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते आणि सकाळ-संध्याकाळ शेती बघायचे, त्यामुळे घरात दोन्हीकडच्या वस्तू. काल कपाटाच्या खालच्या खणात बुचाची जाड काचेची बाटली मिळाली, अर्धी भरलेली, आणि चिकटपट्टीवर बाबांच्या अक्षरात "मर्क्युरोक्रोम २ टक्के". बघितल्या बघितल्या डोळ्यात पाणी आलं. गुडघे फोडून घेतले की बाबा काडीला कापूस गुंडाळून हेच लावायचे, दुसऱ्या दिवशी शाळेत तो लाल डाग मी सगळ्यांना मुद्दाम दाखवायचे. धाकट्या भावाला तर काही लागलेलं नसतानाही लावून हवं असायचं.

आज शेतातल्या खोलीत एक पत्र्याचा डबा सापडला. लेबल बुरशीने खाल्लंय पण "एमिसान" एवढं वाचता येतं आणि कवटीचं चित्र दिसतं, तळाला पावडर खडा होऊन बसलीये. आई म्हणाली हे उसाच्या बेण्याचं, टिपऱ्या म्हणजे उसाचे तुकडे ह्यात बुडवून लावायचो. दोन्हीत पारा असतो एवढं मला माहितीये, बाकी काही नाही. ओढ्यात टाकायचं नाही हे कळतं, पण मग टाकायचं कुठे? आणि आम्ही लहानपणी जे एवढं लावून घेतलं त्याचं काही होतं का? कुणाला नीट माहिती असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

काळी माती
मृण्मयीताई, पहिल्यांदा डबा उघडू नका आणि उघडला असेल तर हात साबणाने धुवा, पावडर झाडूने झाडू नका. मी कृषी खात्यातून रिटायर झालोय, हा डबा माझ्या चांगल्या ओळखीचा.

एमिसान म्हणजे मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड, सोयीसाठी एमईएमसी म्हणायचे. त्याच्या आधी अ‍ॅग्रोसान जीएन होतं, ते कोरडं चोळायचं औषध, ज्वारी, कापूस, भुईमूग सगळ्याच्या बियाण्याला. त्यात फिनाइल मर्क्युरी अ‍ॅसिटेट आणि इथाइल मर्क्युरी क्लोराइड ही पाऱ्याचीच संयुगं. उसाला अरेटान आणि एमिसान पाण्यात कालवून वापरायचे, काणी रोगाचा चाबूक म्हणजे लांब काळा शेंडा येऊ नये आणि कांडी जमिनीत सडू नये म्हणून. बुरशीवर औषध जबरदस्त होतं हे मान्य करायला पाहिजे. स्वस्त, थोडंसं लागायचं, उगवण एकसारखी यायची. म्हणून तर एवढी वर्षं टिकलं.

आमच्या ट्रेनिंगमध्ये "हातमोजे घाला" एवढं एक वाक्य असायचं. बांधावर हातमोजे कुणाकडे होते? बायका ओणव्या राहून पिंपातल्या टिपऱ्या हाताने काढायच्या आणि त्याच हाताने दुपारची भाकरी. मी स्वतः समोर उभा राहून हे बघितलंय आणि त्या वेळी बोललो नाही, ते आता लागतं मनाला.

नंतर कायद्याने एकेक बंद होत गेलं. एमईएमसी शेवटी शेवटी फक्त बटाटा आणि उसाच्या बेण्यापुरतं राहिलं होतं, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने १२ कीटकनाशकं-बुरशीनाशकं एकदम बंद केली त्यात तेही गेलं. म्हणजे ही काही आजोबांच्या काळातली गोष्ट नाही ताई, अगदी कालपरवापर्यंत होतं.

दवाखानावाला
बाटलीबद्दल मी लिहितो, काकांनी डब्याचं छान सांगितलंय.

मर्क्युरोक्रोमचं मूळ नाव मर्ब्रोमिन. फ्लुरोसिन नावाच्या रंगाला ब्रोमिन आणि पारा जोडून केलेलं. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू यंग म्हणून मूत्रविकाराचे सर्जन होते, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये ते छापून आणलं. त्यांना खरं तर मूत्रमार्गातल्या इन्फेक्शनसाठी जंतुनाशक हवं होतं. तिथून ते जगभर मुलांच्या गुडघ्यांवर पोचलं. लोकप्रिय होण्याचं एक कारण अगदी साधं, टिंक्चर आयोडिनसारखं ते झोंबायचं नाही. आणि दुसरं म्हणजे रंग. औषध लावलंय हे आईला दिसायचं, मुलाला दिसायचं, मास्तरांना दिसायचं. माझ्याकडे आजही वयस्कर पेशंट येतात ते म्हणतात "डॉक्टर, ते लाल लावा".

पण जखमेवर त्याचा उपयोग तसा यथातथाच होता. पारा जंतूंच्या प्रथिनांमधल्या गंधकाला जाऊन चिकटतो आणि त्यांचं काम थांबवतो. थांबवतो, मारतोच असं नाही. ही गोष्ट फार पूर्वी कळलेली होती. रॉबर्ट कॉखने १८८१ मध्ये मर्क्युरिक क्लोराइडला अव्वल जंतुनाशक ठरवलं, सर्जन लोक त्यात हात बुडवायला लागले, बँडेज भिजवायला लागले. मग १८८९ मध्ये गेपर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने अँथ्रॅक्सचे मेलेले समजलेले बीजाणू घेतले, सल्फाइड घालून त्यांच्यावरचा पारा काढून घेतला, तर ते पुन्हा वाढायला लागले! आता जखमेत रक्त असतं, पू असतो, दोन्हीत गंधकवाली प्रथिनं भरपूर, त्यामुळे औषधातला पारा जंतूंपर्यंत जायच्या आत तिथेच अडकतो. एवढं माहीत असूनही पुढे शंभर वर्षं आपण पारा लावत राहिलो.

अमेरिकेच्या एफडीएने म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९८ मध्ये मर्क्युरोक्रोम "सुरक्षित आणि परिणामकारक मानलेल्या" औषधांतून काढलं, तिथे ते दुकानातून जवळजवळ गेलंच.

तुमच्या गुडघ्यांची काळजी करू नका. छोट्या खरचटण्यातून फारच थोडं आत जातं आणि जे गेलं असेल ते केव्हाच बाहेर पडलं. धोका मोठ्या उघड्या जागेवर रोज लावण्यात होता. जन्मतः काही बाळांचं आतडं बेंबीच्या जागी पातळ पडद्यात बाहेर आलेलं असतं, ऑपरेशन शक्य नसेल तेव्हा त्या पडद्यावर मर्क्युरोक्रोम लावून तो कडक करायचे, आणि त्यातल्या काही बाळांच्या रक्तात-लघवीत पारा खूप वाढलेला सापडला. तेव्हा ती पद्धत मागे पडली.

रानबा
मी शेतकरी आहे कराड तालुक्यातला. राग मानू नका पण इथं वाचून आसं वाटतंय की आमच्या बापजाद्यांनी इषच पेरलं. एमिसान आम्ही पंधरा वर्षं वापरलं, हातानं कालवलं, मोजे न्हाईत काय न्हाईत. मला काय झालं न्हाई, बापाला काय झालं न्हाई, तो ८४ वर्षांचा हुन गेला. आता जी औषधं देतात त्यानं बेणं तसं उगवत न्हाई ही पण गोष्ट खरी आहे. बंद करताना आम्हाला कोण इचारलं न्हाई.

दवाखानावाला
रानबादादा, राग कशाला. तुम्ही म्हणताय ते खोटं नाही, पाऱ्याच्या सगळ्या संयुगांचं विष सारखं नसतं. एमिसानमधलं संयुग शरीरात लवकर मोडतं आणि मग त्याचा त्रास मुख्यतः किडनीला होतो. मिथाइल मर्क्युरी मात्र न मोडता थेट मेंदूत जातं, ते वेगळंच प्रकरण.

पण "आम्हाला काही झालं नाही" ह्यावर एक सांगतो. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात लहान बाळांना दात येताना द्यायच्या पावडरी मिळायच्या, त्यात कॅलोमेल म्हणजे मर्क्युरस क्लोराइड. काही बाळांचे हातपाय गुलाबी व्हायचे, सोलायचे, बाळ दिवसरात्र रडायचं, उजेड सहन व्हायचा नाही, काही दगावायची. "पिंक डिसीज" नाव होतं. कित्येक दशकं कारण सापडलं नाही, ते का माहितीये? कारण पावडर घेणाऱ्या ५०० बाळांत साधारण एखाद्यालाच हा त्रास व्हायचा. उरलेल्या ४९९ घरांत "आमच्याकडे तर सगळ्यांनी घेतली" हेच म्हणायचे आणि ते खरंच बोलत होते. अमेरिकेत सिनसिनाटीचे डॉ. जोसेफ वारकानी यांनी १९४० च्या दशकाअखेरीस अशा मुलांच्या लघवीत पारा शोधला. १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये कंपन्यांनी पावडरीतून पारा काढला आणि तो आजारच नाहीसा झाला.

काळी माती
रानबा, तुमचं दुसरं म्हणणं बरोबर आहे, पर्याय बांधावर पोचवल्याशिवाय औषध बंद केलं की शेतकरी अडकतो. आता बेणेप्रक्रियेला १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिम आणि ३०० मिली मॅलॅथिऑन घालून टिपऱ्या १० ते १५ मिनिटं बुडवतात, ही शिफारस तुम्हाला माहीत असेलच. ते झाल्यावर नत्र देणारं जिवाणूखत अ‍ॅसिटोबॅक्टर. पण काणीसाठी खरा उपाय बेणेमळ्यातच आहे, उष्ण बाष्प हवेत ५४ अंशाला १५० मिनिटं ठेवलेलं मूलभूत बेणं आणायचं आणि त्रिस्तरीय पद्धतीने म्हणजे तीन टप्प्यांत वाढवायचं. आणि खोडव्यातलं, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाचं, बेणं लावू नका, अर्धा रोग तिथूनच येतो.

वऱ्हाडी मास्तर
पर्यावरणशास्त्र शिकवतो, हा विषय आला की दर वर्षी वर्गात इराकची गोष्ट सांगतो आणि दर वर्षी सांगताना थांबायला होतं. इथे लिहितोच, लांबेल पण वाचा.

१९७१. इराकमध्ये आधी दुष्काळाने पिकं गेलेली, म्हणून सरकारने मेक्सिपाक नावाच्या जास्त उत्पन्नाच्या गव्हाचं बियाणं परदेशातून मागवलं, ७० हजार टनांच्या वर गहू आणि शिवाय बार्ली. बियाण्याला मिथाइल मर्क्युरी लावलेलं. खायचं नाही हे कळावं म्हणून लालसर रंग दिलेला. पोत्यांवर इशारा होता, पण स्पॅनिश आणि इंग्रजीत. कवटीचं चित्र होतं, पण त्या खेड्यांमध्ये कवटी म्हणजे विष हा संकेतच कुणाला माहीत नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बरंचसं बियाणं खेड्यांत पोचलं तोवर पेरणी उरकलेली.

आता विचार करा, घरात धान्य नाही आणि दारात सरकारने फुकट दिलेली गव्हाची पोती. लोक काही मूर्ख नव्हते, त्यांनी आपल्या परीने तपासून बघितलं. गहू पाण्यात धुतला, लाल रंग निघून गेला, वाटलं विष पण गेलं. काहींनी आधी कोंबड्यांना, मेंढरांना घातला, थोडे दिवस वाट बघितली, जनावरं ठणठणीत. मग दळून घरोघरी भाकऱ्या भाजल्या. मिथाइल मर्क्युरीचं कपट हेच की ते लगेच काही दाखवत नाही, कित्येक आठवडे शांत असतं. तोवर माणूस रोज खातच असतो.

डिसेंबरच्या शेवटी पहिले पेशंट आले. आधी ओठ आणि बोटं बधिर, मग चालताना तोल जाणं, जीभ अडखळणं, नजर आजूबाजूने आक्रसत जाणं जसं नळीतून बघतोय, काहींना ऐकू येईना, काही पूर्ण आंधळे. जानेवारी १९७२ मध्ये दवाखाने भरून वाहायला लागले. दवाखान्यात दाखल झालेले ६,५३० आणि तिथे मेलेले ४५९, हा नोंदलेला आकडा. जे दवाखान्यापर्यंत आलेच नाहीत ते त्यात नाहीत. गरोदर बायकांनी खाल्लेल्या भाकरीचा परिणाम पोटातल्या बाळांवर झाला, काही बाळांच्या आया तर स्वतः जवळजवळ बऱ्या होत्या. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून त्या आयांच्या लांब केसांचे तुकडे करून कोणत्या महिन्यात शरीरात किती पारा होता ते शास्त्रज्ञांनी मोजलं. गरोदरपणात मासे किती खावेत ह्याच्या मर्यादा जगात ठरल्या त्यात पुढे बरीच वर्षं ह्या केसांमधली माहिती वापरली गेली.

इराकमध्ये १९५६ आणि १९६० मध्येही असंच घडून गेलेलं होतं, ह्याच प्रकारच्या बियाण्याने. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

उत्तरेकडची
मास्तर, वाचून सुन्न झाले.

मी स्वीडनमध्ये राहते म्हणून इथलं थोडं जोडते. इथे १९५० च्या दशकात शेतात दाणे टिपणारे पक्षी आणि त्यांना खाणारे शिकारी पक्षी पटापट मरायला लागले, पक्षीनिरीक्षकांनी ओरड केली. कारण बियाण्याला लावलेलं मिथाइल मर्क्युरीच. पण सिद्ध कसं करायचं? तर म्युझियममध्ये शंभर वर्षांपासून जपून ठेवलेले पेंढा भरलेले पक्षी होते, त्यांची पिसं तपासली. १९४० पर्यंत पारा जवळजवळ एकाच पातळीवर, आणि हे औषध आल्यानंतरच्या पिसांमध्ये एकदम कित्येक पटींनी वर. १९६६ मध्ये इथे हे औषध बियाण्याला लावायला बंदी आली. इराकच्या पाच वर्षं आधी!! तेच औषध लावलेला गहू दुसऱ्या देशात चालला होता ह्याचा मला फार राग येतो.

सईची आई
धागा वाचून घाबरले आहे. सई चार महिन्यांची आहे, परवा सरकारी दवाखान्यात पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा डोस आहे. नणंदेने व्हॉट्सअ‍ॅप पाठवलाय की लसीत पारा असतो. खरं आहे का? डॉक्टर प्लीज सांगा.

दवाखानावाला
सईच्या आई, परवा न चुकता डोस द्या. आता कारण सांगतो.

एकाच कुपीतून अनेक बाळांना लस द्यायची असते तेव्हा सुई दर वेळी आत जाते आणि जंतू शिरू शकतात. १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियात बुंडाबर्गला घटसर्पाच्या लसीची अशीच कुपी, त्यात जंतुरोधक काही घातलेलं नव्हतं. २१ मुलांना टोचली, १२ मुलं दगावली. तेव्हापासून अशा कुपीत जंतुरोधक घालायचा नियम झाला आणि थायोमर्साल हे त्यातलं एक. हो, त्यात पारा असतो, पण इथाइल मर्क्युरी, इराकवाला मिथाइल नाही. नावात एका अक्षराचा फरक वाटतो पण शरीर दोघांना वेगळं वागवतं. मिथाइल निम्मं व्हायला दीड महिना लागतो, इथाइल आठवड्याभराच्या आत निम्मं होतं. एका डोसमध्ये पारा साधारण २५ मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा कमी, आणि लाखो मुलांचा अभ्यास करून ऑटिझमशी वगैरे काही संबंध सापडलेला नाही. बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, गोवर-रुबेला ह्यांत तर ते नसतंच कारण त्या जिवंत लसी आहेत, जंतुरोधकाने लसच मरेल. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारात जखमेवरची पाऱ्याची औषधं आणि पाऱ्याची कीटकनाशकं २०२० पर्यंत बंद करायचं ठरलं, भारतही २०१८ मध्ये त्या करारात आला, पण त्याच करारात लसीतलं थायोमर्साल विचार करून वगळलंय.

डांग्या खोकला आणि घटसर्पाने गुदमरणारं बाळ मी बघितलंय. नणंदबाईंनाही हे वाचायला द्या.

सईची आई
खूप खूप आभार डॉक्टर. जाते परवा.

पर्णिका
मी बॉटनीवाली. आमच्या कॉलेजात हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह करताना वाळवलेली झाडं अल्कोहोलमधल्या मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवायची पद्धत होती, किडे लागू नयेत म्हणून. "पॉयझनिंग" हाच शब्द होता त्याला. भारतातल्या जुन्या हर्बेरियमच्या किती शीट्स अशा असतील! त्या आपण उघड्या हाताने चाळायचो, बोट ओलं करून पान उलटायचो. पुढे टिशू कल्चर लॅबमध्येही तेच, केळीचा, उसाचा कोंब ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइडमध्ये पाच-सात मिनिटं, मग तीन-चार वेळा निर्जंतुक पाण्याने धुवायचा. ते धुतलेलं पाणी सरळ बेसिनमध्ये जायचं. आमच्या लॅबमध्ये जमा करायला वेगळा कॅन मागितला तर वर्षभर मिळाला नाही, शेवटी मी घरून आणला. जे विद्यार्थी हा धागा वाचत असतील त्यांनी कृपया आधी सोडियम हायपोक्लोराइटने जमतंय का बघा, बऱ्याच झाडांना जमतं. हर्बेरियमला डीप फ्रीझर चालतो.

अजून एक, अवांतर नाही म्हणून लिहिते. धान्यात ठेवायच्या पाऱ्याच्या गोळ्या अजून किराणा दुकानात मिळतात. गव्हात-तांदळात टाकतात त्या करड्या टिकड्या. त्याची वाफ किड्यांच्या अंड्यांना मारते म्हणून धान्य टिकतं, पण ती वाफ कोठी उघडल्यावर आपणही घेतोच. टिकडी फुटून भुकटी गव्हात गेली तर दळणात जाते. मृण्मयी, आईंच्या कोठीत एकदा बघ.

काळी माती
पर्णिका, फार महत्त्वाचं लिहिलंत.

मृण्मयीताई, टाकायचं कसं ते सांगतो. बाटली आणि डबा दोन्ही जसेच्या तसे, वेगवेगळ्या जाड प्लॅस्टिक पिशवीत, दोन पदरी, गाठ मारून, मग झाकणाच्या बादलीत. वर "पारा, विष" असं मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. बेसिनमध्ये ओतायचं नाही, पुरायचं नाही, आणि जाळायचं तर मुळीच नाही, जाळलं की पारा वाफ होऊन तुमच्याच नाकात जाईल. घनकचऱ्याच्या नियमांत कीटकनाशकांचे डबे, मुदत संपलेली औषधं, फुटलेले थर्मामीटर हा घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा धरलाय आणि तो गोळा करणं स्थानिक संस्थेचं काम आहे. नगरपालिकेत लेखी द्या. दाद नाही दिली तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात फोन करा, घातक कचऱ्याची केंद्रं तळोजा, रांजणगावला आहेत.

मृण्मयी
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहिता आलं नाही.

डबा आणि बाटली पिशव्यांत बांधून बादलीत ठेवली. पहिल्या दिवशी नगरपालिकेच्या ऑफिसात "घंटागाडीत टाका" म्हणाले, मी नियमाचं नाव घेतलं आणि लेखी अर्ज पुढे केला तेव्हा साहेबांनी नीट ऐकून घेतलं, पुढच्या आठवड्यात आणून द्या म्हणालेत. बाटलीवरची बाबांच्या अक्षरातली चिकटपट्टी काढून ठेवावी असं फार वाटत होतं. आई म्हणाली नको, फोटो काढ. काढला.

आणि पर्णिका, कोठीत बघितलं. तळाशी अकरा टिकड्या निघाल्या, त्यातल्या दोन फुटलेल्या. आईला इराकचं सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, आपण पण बेण्याला आणलेली ती रिकामी पोती धुऊन त्यात शेंगा भरायचो गं. त्याचं काही करता येईल का हो काळी माती काका? पोती अजून माळ्यावर आहेत, तीसेक असतील.

काळी माती
ती पोती धुऊनही वापरू नका, गोठ्यात खाली अंथरायला पण नको. फुटक्या टिकड्यांजवळचा तळाचा गहूही कोंबड्यांना घालू नका, तो सगळा बाकीच्याबरोबरच द्या. स्वतःचं नाक-तोंड बांधून, हातमोजे घालून पोती सकाळच्या वेळी उतरवा, झटकू नका, ओल्या फडक्याने माळा पुसा आणि फडकंही त्याच पिशवीत. अर्जात "३० पोती" वाढवून लिहा म्हणजे ते गाडी त्या हिशोबाने पाठवतील.